बरगडीचा कान : चिरंजीवांचं ऑपरेशन, आणि तुमचे-आमचे बाकीचे कान

अबोली_उशिराची

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज लिहायला बसलेय कारण मध्यंतरी रात्र रात्र जागून मी असं काहीतरी मराठीत शोधत होते आणि धड काही सापडत नव्हतं. पाल्हाळ लागेल, आधीच माफी.

आमच्या चिरंजीवांना जन्मतः उजवा कान नाही. म्हणजे अगदीच सपाट नाही, कानाच्या जागी शेंगदाण्यासारखा एक मऊ कोंब आणि त्याच्या खाली वाकडी झालेली पाळी. भोक नाहीच. कान अर्धवट घडण्याला मायक्रोशिया म्हणतात आणि भोक नसण्याला अॅट्रेशिया, हे दोन्ही शब्द मला तो दोन दिवसांचा असताना कळले. पुढचं वर्षभर माझं एकच, मी काय खाल्लं, काय उचललं, कुठली गोळी घेतली. काही निघालं नाही.

आता तो अकरा वर्षांचा आहे आणि चार महिन्यांपूर्वी पहिला टप्पा झाला. छातीच्या बरगडीची कूर्चा (कार्टिलेज, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचीक भाग) काढून तिचा कान कोरला आणि कानाच्या जागी कातडीखाली बसवला. ऑपरेशन जवळजवळ सहा तास चाललं. आदल्या दिवशी सर्जननी काय केलं तर एक पारदर्शक फिल्म त्याच्या डाव्या, चांगल्या कानावर धरली, बारीक पेनाने कानाची प्रत्येक कड उतरवून घेतली आणि मग ती फिल्म उलटी केली. झाला उजवा कान. एवढं साधं बघून मला उगाच रडू आलं. चिरंजीव म्हणे, आई हे तर ट्रेसिंग आहे.

ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त दुखली ती छाती, कान नाही. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची, हे कुणी आधी सांगितलं असतं तर पहिली रात्र जरा बरी गेली असती. कातडीखालून दोन बारीक नळ्या बाहेर आलेल्या, त्यांना रक्त तपासायला घेतात तसल्या काचेच्या बंद ट्यूब जोडलेल्या. ट्यूबमधल्या निर्वाताने आतलं रक्त-पाणी ओढलं जातं आणि कातडी कूर्चेवर चपखल बसते. ट्यूब भरली की नर्स बदलायची. तिसऱ्या दिवशी चिरंजीव स्वतःच हिशोब ठेवायला लागले, रात्रीत किती भरल्या, सकाळी किती.

दुसरा टप्पा अजून व्हायचाय. सध्या कान आहे पण डोक्याला चिकटलेला, भिंतीवर काढलेल्या चित्रासारखा. विचारा काय विचारायचं ते.

मधलीसुट्टी

ताई, दंडवत. शांतपणे लिहिलंय एकदम.

माझा प्रश्न जरा वेगळा आहे. बहिणीला मुलगा झालाय, नऊ दिवसांचा. कान पूर्ण आहेत पण डाव्या कानाचा वरचा भाग खाली दुमडलेला, कुत्र्याच्या पिल्लासारखा. घरातले म्हणतात तेल लावून चोळा, मोठेपणी सरळ होईल. खरंच होतो का?

टाकेवाला

मधलीसुट्टी, मी प्लास्टिक सर्जन आहे, म्हणून हे आधी लिहितो. बाकीचं संध्याकाळी. वाट बघू नका, आजच्या आज दाखवा.

नवजात बाळाची कूर्चा पहिले काही आठवडे मऊ असते कारण आईकडून आलेलं इस्ट्रोजेन त्याच्या अंगात असतं. ते ओसरलं की कूर्चा कडक होत जाते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कानाला साचा बसवला, म्हणजे मऊ सिलिकॉनची पट्टी किंवा तयार मिळणारा साचा, तर दुमडलेला कान बहुतेक वेळा बिनऑपरेशनचा जागेवर येतो. दीड-दोन महिन्यांनी हेच करायला गेलं तर कान ऐकत नाही. काही कान आपले आपण सुधारतात हे खरं, पण कुठला सुधारेल ते आधी सांगता येत नाही आणि ते बघत बसलं तर हातातली वेळ निघून जाते.

घरी चिकटपट्टी लावू नका, नाजूक कातडी सोलवटते. आणि तेल चोळून कूर्चेला घडी पडत नाही की उलगडत नाही.

लक्षात ठेवा, हे फक्त ज्या कानात सगळे भाग आहेत पण आकार चुकलाय त्यालाच. मायक्रोशियात भागच कमी असतात, तिथे साच्याचा उपयोग नाही.

मधलीसुट्टी

डॉक्टरांची दुपारची वेळ मिळाली. बहिणीला फोन केला तर म्हणे तुला काय कळतं. हा धागाच पाठवला.

श्रवणविद्या

ऑडिऑलॉजिस्ट इथे. अबोलीताई, एक विचारू? ऐकण्याचं काय केलं होतं? कारण माझ्याकडे येणारे दहातले आठ पालक पहिलं वाक्य बोलतात ते कानाच्या आकाराबद्दल. बाळ तीन महिन्यांचं असतं आणि प्रश्न असतो ऑपरेशन कधी. अहो ऑपरेशनला दहा वर्षं आहेत, ऐकायला दहा आठवडेसुद्धा नाहीत.

मायक्रोशियाच्या बाजूला भोक नसलं तरी आतला कान बहुतेक वेळा ठणठणीत असतो. बाहेरचा आणि मधला कान गर्भात एका प्रकारच्या उतींपासून होतो (गळ्याजवळच्या पहिल्या-दुसऱ्या कमानी, पाचव्या-सहाव्या आठवड्यात सहा छोट्या टेंगळांनी सुरुवात होते) आणि आतला शंख वेगळ्याच ठिकाणाहून. म्हणून दार बंद, घरात दिवा चालू अशी गत. त्या कानाला साधारण ४० ते ६० डेसिबलची तूट येते, म्हणजे समोरचा नेहमीच्या आवाजात बोलतोय ते त्या बाजूने जवळजवळ पोचतच नाही.

दोन्ही बाजूंना असेल तर अजिबात थांबायचं नाही. बेरा टेस्ट (आवाज बाळाच्या मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी चाचणी) करून पहिल्या काही महिन्यांतच हाडातून आवाज पोचवणारं मशीन मऊ पट्ट्यावर बसवून डोक्याला बांधायचं. ते हाड थरथरवतं आणि आवाज थेट शंखात. स्क्रू घालून हाडात बसवायचं मशीन नंतर, साधारण पाच वर्षांनंतर, कवटीचं हाड पुरेसं जाड झाल्यावर.

एका बाजूलाच असेल तर मूल बोलायला शिकतं, त्यामुळे सगळे निर्धास्त होतात. पण आवाज कुठून आला ते कळत नाही, आणि गोंगाटात वाक्यं सुटतात. शाळेत चांगला कान शिक्षकांच्या बाजूला येईल असं बसवा. आणि चांगल्या कानाला सर्दीने पाणी साचलं तर ते "होईल बरं" म्हणून सोडू नका, कारण त्याला दुसरा कान नाहीये.

अबोली_उशिराची

श्रवणविद्या, खरं सांगते, पहिली दोन वर्षं आम्ही ऐकण्याकडे कानाडोळा केला. हसू नका. एक कान चांगला आहे ना, मग झालं, असं वाटायचं. पट्ट्याचं मशीन तीन वर्षांचा असताना लावलं आणि त्याने ते जेवताना काढून वरणात टाकलं. पण शाळेत वापरायचा. रस्त्यावर अजूनही हॉर्न कुठून वाजला ते त्याला कळत नाही, त्यामुळे मी ओरडते आणि ते पण कुठून ते त्याला कळत नाही.

आणि एक राहिलं. तो आठ महिन्यांचा असताना एका डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा लोंबता तुकडा विचित्र दिसतो, छोटंसं ऑपरेशन करून काढून टाकू, निदान सपाट तरी दिसेल. आमची तारीखसुद्धा ठरली होती. मुलाला ताप आला म्हणून रद्द झाली, आणि पुढे माझ्या जावेने हटकलं म्हणून दुसरीकडे दाखवलं. आज तोच तुकडा फिरवून खाली आणलाय आणि नव्या कानाची पाळी म्हणून बसवलाय. त्या तापाचे उपकार.

टाकेवाला

अबोलीताई, हे ठळक अक्षरात लिहायला हवं. तो शेंगदाणा आणि ती पाळी कुणालाही कापू देऊ नका. आणि तिथल्या कातडीला शक्यतो कुणी हात लावू नये. नवा कान कितीही सुंदर कोरला तरी तो झाकणार कुणी? तीच पातळ, बिनकेसांची, व्रण नसलेली कातडी. आधी कुणी भोक पाडायचं ऑपरेशन करून गेलं असेल किंवा ऐकण्याच्या मशीनचा स्क्रू भलत्या जागी बसवला असेल तर ती कातडी आखडलेली असते, तिला रक्त कमी असतं. म्हणून कानाचे डॉक्टर आणि प्लास्टिक सर्जन यांनी आधी एकत्र बसून क्रम ठरवायचा. बरगडीचा कान करायचा असेल तर साधारणपणे तो आधी, भोक नंतर. भोक सगळ्यांना करता येतंच असंही नाही, सीटी स्कॅनमध्ये मधला कान किती घडलाय ते बघून गुण देतात, दहापैकी. कमी गुण असतील तर मशीनच बरं.

भोक पूर्ण बंद नसून अरुंद असेल तर मात्र लक्ष ठेवा. आत मेलेली कातडी साचून गोळा होतो, तो हाड खातो. असं मूल कानाच्या डॉक्टरांच्या नजरेखाली हवं.

आता वय. दोन विचार आहेत. अमेरिकेत टँझर यांनी १९५९ मध्ये बरगडीच्या कूर्चेची पद्धत नीट मांडली, मग ब्रेंट यांनी ती चार टप्प्यांत बसवली, साधारण सहाव्या वर्षापासून. जपानच्या नागाता यांनी १९९३ मध्ये दोन टप्प्यांची पद्धत दिली, पण त्यांचा सांगाडा जास्त बारकाव्याचा, त्याला कूर्चा जास्त लागते, म्हणून वय दहाच्या आसपास आणि छातीचा घेर ६० सेंटिमीटर. मी टेप लावून मोजतो. सहावी आणि सातवी बरगडी जिथे जुळलेली असते तो ठोकळा कानाचा पाया, आणि आठवी, जी लांब आणि लवचीक असते, ती वाकवून बाहेरची गोल कड. तुकडे बारीक तारेने बांधतात. फिल्मवरच्या आकारापेक्षा सांगाडा जरासा लहान कोरायचा, वर कातडीची जाडी येते ना.

बरगडीवरचं आवरण शक्यतो जागेवर ठेवतो म्हणजे छातीला खड्डा कमी पडतो. फुप्फुसाचं आवरण फाटू शकतं, ते तिथेच पाणी भरून तपासतात, बुडबुडे येतात का. कातडीचा छोटा भाग काळा पडणं, कूर्चा उघडी पडणं, जंतुसंसर्ग, तार टोचून वर येणं, हे सगळं होऊ शकतं. ज्यांच्याकडे कधीच काही बिघडत नाही ते सर्जन कमी ऑपरेशनं करतात एवढंच.

आणि हो, जन्मतः कान असा असेल तर एकदा पोटाची सोनोग्राफी करून मूत्रपिंडं बघून घ्या, जबडा दोन्ही बाजूंनी सारखा वाढतोय का ते पण. कधी कधी ही भावंडं बरोबर येतात.

शब्दखूण

वाचनखूण साठवली. डॉक्टर, वेडा प्रश्न असेल, पण आईची बरगडी चालणार नाही का? किडनी देतात तशी. मी तरी लगेच दिली असती.

टाकेवाला

वेडा नाही, हा प्रश्न दर महिन्याला कुठलीतरी आई विचारते, आणि करूनही झालंय. ब्रिटनमधले हॅरल्ड गिलीज, ज्यांनी पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांचे चेहरे दुरुस्त केले, त्यांनी आयांच्या कानाची कूर्चा मुलांना लावून पाहिली होती. सुरुवातीला छान दिसायचं. मग हळूहळू विरघळून गेली. स्वतःची बरगडी मात्र टिकते, ब्रेंट यांच्या पेशंटांचे कान मुलांबरोबर वाढलेले त्यांनी नोंदवलेत. म्हणून ती दुखली तरी त्याचीच.

जुनापुराणा

सुश्रुताशिवाय हा धागा पूर्ण होणार नाही. सुश्रुतसंहितेतलं सूत्रस्थान, सोळावा अध्याय. कान टोचायचा कसा, टोचलेला बिघडला तर काय, आणि पाळी तुटली तर जोडायची कशी, त्याचे पंधरा प्रकार नावानिशी दिलेत. नेमिसंधानक, उत्पलभेद्यक, कपाटसंधिक, काकौष्ठक वगैरे. नावं वाचूनच जखमेचा आकार डोळ्यासमोर येतो, कपाट म्हणजे दाराच्या फळ्यांसारखी जुळणी, काकौष्ठक म्हणजे कावळ्याच्या चोचीसारखा उरलेला.

आपल्याकडे सगळं आधीच होतं!

टाकेवाला

सगळं नव्हतं हो. बरगडीचा कान सुश्रुतात नाही आणि नसल्याने त्यांचं काही बिघडत नाही. आणि त्यातले काही प्रकार त्यांनी स्वतःच असाध्य म्हणून सोडलेत, काकौष्ठक त्यातलाच, ते मला जास्त आवडतं.

पण त्या अध्यायातल्या एका ओळीसाठी मी टोपी काढतो. पाळीच उरली नसेल तर गालाचं मांस उचलून पाळी करायची असं सांगताना दोन विशेषणं लावलीत, "सानुबन्ध" आणि "जीवता". एका बाजूने जोडलेलं आणि जिवंत. तुकडा पूर्ण तोडून चिकटवू नका, त्याची मुळं तशीच ठेवून वळवा, म्हणजे त्याला रक्त मिळत राहील. आम्ही याला फ्लॅप म्हणतो आणि आमचा अर्धा धंदा त्यावर चालतो.

आणि जुनंच कशाला, १९६७ घ्या. मुंबईचे नोशीर अँटिया आणि बुच यांनी कानाच्या कडेचा तुकडा गेला असेल तर दोन्ही बाजूंची उरलेली कड कातडी-कूर्चेसकट मोकळी करून एकमेकींकडे सरकवायची पद्धत दिली. कुत्रा चावला, गाठ काढली, कडेला खाच पडली, की जगभर आजही अँटिया-बुच फ्लॅपच करतात. कान किंचित लहान होतो, पण खाच जाते आणि बघणाऱ्याला कळत नाही. गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले होते अँटिया. त्यांच्याबद्दल अभिमान बाळगा की.

जुनापुराणा

मान्य. असाध्यवालं विसरलो होतो.

आखाडा_सोडलेला

कुणी आमच्या कानांबद्दल पण बोला. दोन्ही कान मोडलेत, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे. तरुणपणी मिरवायचो, मोडलेला कान म्हणजे पैलवान खरा. आता इयरफोन बसत नाही आणि फोन कानाला लावला की टोचतो. वय ४४. काही होतं का?

टाकेवाला

पैलवान, ताजं असताना आला असतात तर दहा मिनिटांचं काम होतं. घासण्याने कूर्चा आणि तिच्यावरचं आवरण यात रक्त साचतं. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत, तिचं सगळं पोषण त्या आवरणातून. मधे रक्त आलं की खालची कूर्चा उपाशी, आणि वरचं आवरण मात्र नवी वेडीवाकडी कूर्चा तयार करत सुटतं. पहिल्या काही दिवसांत रक्त काढून दोन्ही बाजूंनी गॉझच्या गुंडाळ्या शिवून दाबून ठेवलं तर कान वाचतो. नुसतं सुईने काढलं तर परत भरतं, ते तुम्हीही अनुभवलं असेल.

आता जुना आहे म्हणजे कातडी उचलून जास्तीची कूर्चा तासायची. पूर्वीसारखा होणार नाही, इयरफोन बसण्याइतका नक्की प्रयत्न करता येईल. तालमीत कुणाला शिकवत असाल तर पोरांना कान झाकणारं हेडगिअर घालायला लावा.

आखाडा_सोडलेला

घालत नाहीत. आम्ही तरी कुठे घातलं.

पाळी_फाटलेली

माझं नाव बघूनच कळलं असेल. जड कानातले वीस वर्षं. भोक लांब होत होत एक दिवस टॉवेलमध्ये अडकलं आणि खालून फाटलं. कुणीतरी सांगितलं टाके न घालता औषध लावून चिकटवून देतात, केलं, सहा महिन्यांत परत फाटलं आणि आता कडेला खाच पण आहे.

टाकेवाला

फाटलेल्या पाळीच्या दोन्ही कडांवर आता कातडी आलीये, त्या एकमेकींना कधीच चिकटणार नाहीत. त्या कडा ताज्या करून, म्हणजे वरची कातडी काढून, मग शिवायचं. फक्त जागा बधिर करून होतं, अर्धा-पाऊण तास. सरळ रेषेत शिवलं तर व्रण आखडून खालच्या कडेला खाच पडते, म्हणून तिथे नागमोडी शिवतात. पुन्हा टोचायचं ते दोन-तीन महिन्यांनी, आणि व्रणाच्या रेषेवर नाही, शेजारी. आणि ताई, कानातले हलके.

जाताजाता, वरच्या कडेला, कूर्चेतून टोचून घेणाऱ्या मंडळींनी जपा. पाळीत कूर्चा नसते, तिथे पू झाला तरी निभावतं. वर पू झाला तर कूर्चा गळून कान सुकलेल्या पानासारखा आकसतो. लाल, गरम, पाळी सोडून बाकी कान सुजलेला असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टर. आणि टोचल्यावर गाठ वाढत गेली (किलॉइड) तर नुसती कापून घेऊ नका, बरेचदा आधीपेक्षा मोठी होऊन येते. कापणं, स्टिरॉइडची इंजेक्शनं, दाब देणारी क्लिप, कधी रेडिएशन, असं मिळून करावं लागतं.

अर्धा_कान

खूप वेळ लिहू की नको करत होतो. मी ३६ वर्षांचा, डावा मायक्रोशिया, ऑपरेशन केलं नाही. केलं नाही म्हणजे आईवडिलांनी दहाव्या वर्षी नेलं होतं, फोटो दाखवले, बरगडी म्हटल्यावर मी नको म्हटलं आणि त्यांनी ऐकलं. त्याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे.

चष्म्याला मागे दोरी आहे. जेवणाच्या टेबलावर मी डावीकडची शेवटची खुर्ची पकडतो म्हणजे सगळे माझ्या उजव्या कानाकडे येतात. बायकोने पहिल्या भेटीत पाच मिनिटांत विचारलं, मी सांगितलं, विषय संपला. इथे सगळं ऑपरेशनबद्दल चाललंय म्हणून लिहिलं. अबोलीताई, राग मानू नका, पण हा कान त्याला हवा होता की तुम्हाला?

अबोली_उशिराची

राग नाही. दोन दिवस उत्तर लिहून खोडतेय.

पाच वर्षांचा असताना मला हवा होता. लग्नाकार्यात लोक बघायचे ते माझ्याकडे, त्याच्याकडे नाही, आणि मी त्याचे केस वाढवून कान झाकायचे. तेव्हा सहाव्या वर्षी करणारे भेटले असते तर मी डोळे झाकून सही केली असती. नंतर थांबावंच लागलं. त्या चार-पाच वर्षांत तो मोठा झाला आणि मी पण जरा झाले. दहाव्या वर्षी त्याला चष्मा लागला. दोरीवाला त्याला नको होता. सर्जननी मला बाहेर बसवून त्याच्याशी अर्धा तास एकट्याशी बोलून घेतलं, छातीला व्रण राहील, कान हुबेहूब होणार नाही, त्याने ऐकू येणार नाही, सगळं. बाहेर येऊन तो म्हणाला, मला चष्म्यासाठी पाहिजे. एवढंच. मला काहीतरी मोठं वाक्य अपेक्षित होतं.

त्याने नको म्हटलं असतं तर मी तुमच्या आईवडिलांसारखी वागले असते का, माहीत नाही.

अर्धा_कान

चष्मा हे एकदम पटलं. दोरीचा वैताग मलाही आहे.

निवांत_बाबा

दुसरी बाजू. आमच्या मुलीला पाचव्या वर्षी सच्छिद्र पॉलिएथिलीनचा सांगाडा बसवला. बरगडी काढायची नाही, एकाच मोठ्या ऑपरेशनमध्ये उठावदार कान, लवकर करता येतं. सांगाड्यावर कानशिलाच्या वरच्या कातडीखालचा रक्तवाहिनीसकट पातळ पडदा ओढून घेतात आणि मग वरून कातडी लावतात. दिसायला सुंदर झाला. तीन वर्षांनी सायकलवरून पडली, कान घासला, एका जागी कातडी उघडून पांढरं दिसायला लागलं. परत ऑपरेशन करून झाकलं, आता ठीक. पण परका पदार्थ तो परका, पडली-झडली की काळजात धस्स होतं. तरी पुन्हा विचारलं तर तेच करीन, ती सहाव्या वर्षी शाळेत गेली तेव्हा तिला दोन कान होते.

टाकेवाला

निवांतराव, प्रामाणिक लिहिलंत. मी बरगडीवाला, त्यामुळे माझं मत एकांगी धरा. बरगडीच्या कानाला जखम झाली तर तो बहुतेक वेळा भरून येतो, प्लास्टिकची भरून येण्याची क्षमता शून्य. पण चांगल्या हातात दोन्हींचे निकाल चांगले येतात.

तिसरा पर्याय कुणी विचारला नाही तो सिलिकॉनचा कृत्रिम कान. भाजलेल्या पेशंटांत, कॅन्सरमुळे कान काढावा लागला असेल तर, किंवा वयस्कर माणसात, जिथे कातडी चांगली नाही किंवा बरगड्या हाडासारख्या झाल्यात, तिथे तो उत्तम. हाडात टायटॅनियमचे छोटे खुंट बसवून त्यावर चुंबकाने नाहीतर क्लिपने लावतात, किंवा नुसता गोंदाने. बघितला तर सगळ्यात हुबेहूब तोच दिसतो. रात्री काढून ठेवायचा, रंग उडतो, काही वर्षांनी नवा करावा लागतो.

मधलीसुट्टी

आणि तो उंदीर? पाठीवर माणसाचा कान असलेला? मग प्रयोगशाळेत कान उगवून का देत नाहीत?

टाकेवाला

तो माणसाचा कान नव्हताच! १९९७ चा प्रयोग. कानाच्या आकाराच्या विरघळणाऱ्या साच्यावर गाईच्या कूर्चेच्या पेशी लावून तो प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदराच्या कातडीखाली ठेवला होता. त्या उंदराला काही ऐकूबिकू येत नव्हतं. पुढे २०२२ मध्ये अमेरिकेत एका तरुणीला तिच्याच पेशींपासून थ्रीडी प्रिंट केलेला कान बसवल्याची बातमी आली. कातडी आखडते तेव्हा ती सांगाड्याला दाबत राहते, त्या दाबाखाली वर्षानुवर्षं आकार टिकणं ही खरी परीक्षा. त्यासाठी मुलाचं ऑपरेशन लांबवू नका असं मी सांगतो.

मधलीसुट्टी

अपडेट. बहिणीने अकराव्या दिवशी दाखवलं. साचा लावला होता, तीन आठवड्यांनी काल काढला. कान सरळ!! अजून थोडे दिवस पट्टी आहे. घरातले म्हणतायत तेलाने झाला. असू दे.

श्रवणविद्या

वा! त्याची ऐकण्याची चाचणी झाली ना?

मधलीसुट्टी

झाली, दोन्ही बाजू पास.

अबोली_उशिराची

धागा वर काढतेय. आमचा दुसरा टप्पा होऊन सात आठवडे झाले. कान डोक्यापासून सोडवून उचलला. पहिल्या वेळी कूर्चेचा एक जास्तीचा तुकडा छातीच्या कातडीखाली जपून ठेवला होता, तो काढून कानामागे पाचरीसारखा लावला, त्यावर पडदा, आणि त्यावर मांडीच्या वरच्या भागातली कातडी. या वेळी छाती फार दुखली नाही. कातडी काढलेली जागा मात्र आठवडाभर चरचरत होती.

हुबेहूब नाही. डाव्यापेक्षा जरा जाड आहे, आतल्या घड्या इतक्या कोरीव नाहीत, थंडीत निळसर होतो. आणि स्पर्श कमी आहे, परवा त्या कानावर मुंगी चढली होती, मी बघेपर्यंत त्याला पत्ता नाही. डॉक्टरांनी हेअर ड्रायर आणि गरम पाण्याचं बजावून सांगितलंय, चटका बसला तरी कळणार नाही. चष्मा बसतो.

काल केस कापायला घेऊन गेले. न्हाव्याने सवयीने उजव्या कानामागचे केस घ्यायला बोटाने कान पुढे दुमडायचा प्रयत्न केला, तो दुमडेना. त्याने परत केला. चिरंजीव आरशात बघत म्हणाले, काका, तो नाही दुमडत, बरगडी आहे. न्हावी थांबला, माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. मग त्याने कात्री ठेवली आणि वस्तऱ्याने मागून हळूहळू घेतलं.

टाकेवाला

छान. त्याला सांगा वस्तरा मागच्या नव्या कातडीवर इतक्यात नको, तीन महिने जाऊ देत. पुढच्या वेळी कात्रीच.

अबोली_उशिराची

अरे देवा. सांगते.